‘अर्ज भरलात, आता विसरा’ हा सल्ला कुणी दिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रीन कार्डच्या प्रतीक्षेवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. प्राणायामाची माहिती उत्तम आहे, चित्रही छान. पण ‘अर्ज भरून झाला की तो विसरून जा, मन शांत राहील’ हे वाक्य छापण्याआधी एखादी जुनी फाइल जाणणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. बडोद्यात भावाने किंवा बहिणीने अमेरिकेतून आय-१३० (नातलगासाठीचा ग्रीन कार्डचा पहिला अर्ज) भरलेली घरं गल्लोगल्ली आहेत. त्यांनी हा सल्ला मानला, तर मन शांत राहील आणि फाइलही कायमची शांत होईल.

भावंडांच्या एफ-४ रांगेत भारताची तारीख, म्हणजे कधी भरलेल्या अर्जांचा नंबर लागला आहे ती, अमेरिकी सरकारच्या २०२५ च्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये २००६ सालात होती. साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यात एका देशावर सात टक्क्यांची मर्यादा. एवढ्या काळात भाऊ तीन घरं बदलतो, एजंट दुकान गुंडाळतो, आणि फायलीवर पत्ता मात्र त्यांचाच, तेव्हाचा. नंबर जवळ आल्याचं पत्र तिथेच जातं. ही सूचना निघाल्यापासून एका वर्षात काहीच हालचाल केली नाही तर नोंदणी रद्द होते. सूचनेपासून दोन वर्षांच्या आत, चूक आपल्या हातातली नव्हती हे पटवून दिलं तरच ती पुन्हा उघडते. ‘लेखात विसरायला सांगितलं होतं’ हे कारण तिथे चालेल असं वाटत नाही.

म्हणून विसरू नका. आय-७९७ पावतीवरची प्रायॉरिटी डेट (अर्ज दाखल झाल्याची, रांगेतली जागा ठरवणारी तारीख) घरात दोघांना तरी पाठ असू द्या आणि दर महिन्याला बुलेटिन पाहा. पत्ता बदलला तर अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं) असेपर्यंत तिथे, आणि मंजुरीनंतर नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेल्यावर त्या सेंटरला कळवायचा. सेंटरने केस नंबर (मुंबईचे बीएमबीने सुरू होतात) आणि इनव्हॉइस आयडी दिला, की वर्षातून एकदा तरी लॉगिन करायचं. ईमेल स्वतःचा द्यायचा, एजंटचा नाही.

लेखात मुलांबद्दल एक अक्षर नाही. खरी काळजी तीच असते. २१ वर्षं झाली म्हणजे मूल आईवडिलांच्या फायलीतून बाहेर, असं समजून अनेक जण त्याचं नावच सोडून देतात. पण आय-१३० भरल्यापासून मंजूर होईपर्यंत जितके दिवस गेले, तितके नंबर लागतो त्या दिवशीच्या वयातून वजा होतात. मंजुरीला पाच वर्षं लागली असतील तर पंचविसाव्या वर्षीही मूल कायद्याने वीस वर्षांचंच. म्हणजे ज्या दिरंगाईला लोक शिव्या घालतात, तीच मुलांना तारते! अट एवढीच की मूल अविवाहित हवं आणि नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरायला हवा. लग्न ठरवताना हे माहीत असावं. अक्षता पडल्या की तो मुलगा किंवा मुलगी त्या फायलीतून बाहेर.

वाट पाहताना करण्यासारखं काम आहे ते कागदांचं. दोन्ही भावंडांच्या जन्मदाखल्यांवर आईवडिलांची नावं जुळायला हवीत. आपल्याकडे एकावर ‘दत्तात्रेय’, दुसऱ्यावर ‘दत्तुभाई’, आणि जुन्या नोंदींत तर बाळाचं नावच नसतं, नुसतं ‘पुत्र’. हे आत्ताच कॉर्पोरेशनमध्ये दुरुस्त करून घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसा दाखला घ्या आणि शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्रं जोडा. गुजराती दाखल्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. उलट पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल आत्ता करून पैसे घालवू नका, दोन्हींना मुदत असते. आणि भाऊ निवृत्त झाला असेल तर अमेरिकी सरकारच्या गरिबी-पातळीच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवून आर्थिक हमी देणारा सहप्रायोजक आधीच शोधा. फाइल तिथेही अडकते.

जाता जाता. त्याच पानावर खाली ‘तुमचा नंबर लवकर लावून देऊ’ अशी पाव पान जाहिरात आहे. एफ-४ चा नंबर फक्त तारखेने लागतो, तो पुढे घेण्याची फी कुठल्याही खिडकीवर भरता येत नाही. वर ‘विसरा’ आणि खाली ‘पैसे द्या’, याला काय म्हणावं? जाहिराती थांबवणं आपल्याला परवडणार नसेल, तर सोन्याच्या भावाशेजारी महिन्यातून एकदा एफ-४ भारताची चालू तारीख तरी छापा. एक ओळ लागते आणि बुलेटिन फुकट मिळतं.

आपला,
एक वाचक, कारेलीबाग, बडोदे