पोल पॉटशिवाय कंबोडिया?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कंबोडियावरचा लेख वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. अंगकोर वाट हे ‘आपलं’ मंदिर, हे लेखिकेने पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्या सूर्यवर्मनने ते १२व्या शतकात विष्णूसाठी बांधलं, हे खरंच आहे. पण आज तिथे बौद्ध भिक्खू दिसतात, ख्मेर लोक उदबत्त्या लावतात, त्यांच्या राष्ट्रध्वजावर तेच देऊळ आहे. ते त्यांचं आहे. आणि लाखो माणसांचा बळी घेणाऱ्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीचा प्रमुख पोल पॉट, त्याचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही! राजधानी नॉम पेन्हमध्ये खरेदी कुठे करावी, याला मात्र अर्धा रकाना.

मी एका यात्रा कंपनीबरोबर तिथे गेले होते. निघण्याआधीच्या बैठकीत टोपी आणि बॅग मिळाली, जेवणात कांदा-लसूण असेल का यावर तासभर चर्चा झाली. देशाबद्दल एक शब्द नाही. मग तुओल स्लेंगला नेलं. ही मूळची शाळा. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला, १२ हजारांहून जास्त माणसं तिथे डांबली, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच वाचली. वर्गात लोखंडी खाट, बेड्या आणि भिंतीवर त्याच खाटेवर सापडलेल्या प्रेताचा फोटो. आमच्यातले एक गृहस्थ त्या खाटेला टेकून फोटो काढून घेऊ लागले. दुसऱ्यांनी गाइडला विचारलं, “हा ब्रिटिशांच्या वेळचा तुरुंग का?” कंबोडियावर राज्य फ्रेंचांचं होतं, तेही १९५३ मध्ये संपलं. साठी ओलांडलेला तो गाइड इतकंच म्हणाला, “नाही, आमच्याच लोकांनी केला.” त्याचा मोठा भाऊ तेव्हा गेला, हे त्याने सकाळी बसमध्ये सांगितलं होतं. तेव्हा आमची अंताक्षरी चालू होती. मला त्याच्याकडे बघवेना.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज नॉम पेन्हमध्ये शिरले आणि काही दिवसांत त्यांनी सारं शहर रिकामं केलं, इस्पितळातल्या रुग्णांनाही बाहेर काढलं. जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, सक्तीची मजुरी, रोगराई आणि कत्तली यांत सुमारे १७ लाख माणसं गेली. तिथल्या वयस्कर माणसांपैकी ज्याला विचारावं, त्याच्या घरातलं कुणीतरी त्यात गेलेलं असतं. एवढं माहीत असलं तर माणूस टुकटुकवाल्याशीसुद्धा वेगळ्या आवाजात बोलतो. ही माहिती चार ओळींत मावते आणि तुमची पुरवणी वाचूनच कितीतरी लोक सहली ठरवतात. त्या चार ओळी छापायला काय हरकत होती?

आणखी एक. लेखासोबतचा मोठा फोटो अंगकोर वाटचा नाही. ते दगडी चेहरे बायॉनचे आहेत. अंगकोर थॉम या जुन्या राजधानीच्या मध्यभागी सातव्या जयवर्मनने उभारलेलं ते बौद्ध मंदिर आहे. ही दुरुस्ती कृपया पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी.

– आपली नियमित वाचक, सांगली