टकलूची गोष्ट

प्रिय दोस्ता,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस आणि मीही खुशाल नेऊ दिलं असतं. म्हणून कागद घेऊन बसलोय.

सातवीतला भूगोलाचा पेपर आठवतो? 'ढगांचे प्रकार सांगून वर्णन करा.' तू लिहिलंस: शेपटी, गोधडी, कोबी, टकलू. सरांनी भोपळा दिला. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्यांनी पेपर वर्गात मोठ्यानं वाचला आणि शेवटच्या नावाला वर्ग फुटला, कारण सरांच्या डोक्यावर एक केस नव्हता. तू अख्खा तास बाकावर उभा. शेजारी मी, सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस, निंबस असं घोकलेलं ओकून पैकीच्या पैकी मार्क घेतलेला, वहीत तोंड घालून बसलेला. आणि टकलू हे नाव माझं होतं, लेका. तू ते कुणाला सांगितलं नाहीस. मीही नाही.

गच्चीवर ठेवलेली नावं ती. टाकीच्या सावलीत पाठीवर पडायचो. फरशी इतकी तापलेली असायची की आधी ढुंगण टेकवायचं, मग एकेक खांदा. तू नाव ठेवायचास, मी हरकत घ्यायचो. गोधडीवर तर दोन दिवस भांडलो. मी म्हणत होतो मेंढरं. तू खाली जाऊन आजीची गोधडी उचलून आणलीस आणि उन्हात धरून दाखवलीस: धावदोऱ्याच्या ओळी, दोन ओळींमध्ये फुगलेला कपडा, आणि जिथे शिवण तिथे उजेड आरपार. वर बघितलं तर तसंच. ढगांच्या वळ्या आणि मधल्या फटींतून निळं. मी हरलो. आजी ओरडली ते वेगळंच.

ढगाची सावली पकडायचा खेळही तुझाच. मैदानाच्या एका टोकाला सावली आली की तिच्यासोबत पळायचं, ऊन अंगावर पडलं की बाद. त्यात तू कधी जिंकला नाहीस, हे आज मुद्दाम लिहून ठेवतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. परवा सहज त्या घोकलेल्या नावांचे अर्थ शोधले आणि कान गरम झाले. सिरस म्हणजे लॅटिनमध्ये केसांची बट. क्युम्युलस म्हणजे ढीग. स्ट्रेटस म्हणजे अंथरलेलं. अंथरलेलं! गोधडी आणखी कशाला म्हणतात रे? ही नावं ठेवणारा ल्यूक हॉवर्ड कुणी मोठा पंडितही नव्हता. लंडनमध्ये औषधं बनवण्याचा धंदा करायचा आणि रिकाम्या वेळात आभाळाकडे बघायचा. 1802 च्या डिसेंबरमध्ये एका छोट्या मंडळापुढे निबंध वाचला तेव्हा जेमतेम तिशीचा होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानंही ढगांना नावं ठेवली होती, फ्रेंचमध्ये. ती विरली, हॉवर्डची टिकली. त्याची लॅटिन होती म्हणून ती कुठल्याच देशाला परकी वाटली नाहीत, किंवा सगळ्यांनाच सारखी परकी वाटली. म्हणजे त्यानं केलं ते आपल्यासारखंच. फक्त त्याचा पेपर तपासायला आपले सर नव्हते.

पुढे वाचत गेलो तर सगळं तुझंच निघालं. शेपटीला इंग्रज घोडीची शेपटी म्हणतात. सहा किलोमीटरच्याही वर बर्फाचे कण खाली पडू लागतात, खालचा वारा वेगळ्या वेगानं वाहत असतो, म्हणून ते मागे ओढले जाऊन लांब रेघ उमटते. कोबीचं तर विचारूच नकोस. ढगांचा जो आंतरराष्ट्रीय ॲटलस आहे, 1896 पासूनचा, त्यात क्युम्युलसच्या वर्णनात फुलकोबी चक्क छापलेली आहे. तुझा अर्धा मार्क तरी तिथेच निघत होता.

माझी मेंढरंही अगदीच वाया गेली नाहीत. जर्मन आणि रशियन दोघांनाही आभाळात मेंढरंच दिसली. इंग्रजांना तिथे बांगड्याची पाठ दिसते, जपान्यांना सार्डिन माशांचा थवा. स्पॅनिश लोक म्हणतात आभाळाला फरसबंदी केलीय, आता जमीन भिजणार. ज्याच्या हाताला रोज जे लागतं तेच त्यानं वर बघितलं. आपली मराठी मात्र ढगाच्या आकारापेक्षा त्याच्या छायेवर जास्त रमली असं मला वाटतं: मळभ, सावट, झाकोळ. ही सगळी खाली उभ्या माणसाला काय होतं त्याची नावं. आणि 'आभाळ आलंय' म्हणताना तर आपण आकाश आणि ढग एकच करून टाकतो.

आता टकलू. ढग वाढत वाढत उंच गेला, माथ्यावरचे कोबीचे गड्डे विरून गुळगुळीत झाले, की शास्त्रज्ञ त्याला क्युम्युलोनिंबस कॅल्व्हस म्हणतात. कॅल्व्हस म्हणजे टकला. शपथेवर सांगतो. जपानी लोकही उंच वाढलेल्या गडगडाटी ढगाला न्यूदोगुमो म्हणतात, मुंडन केलेला धिप्पाड भिक्षू. गंमत पुढेच आहे: माथ्यावरच्या थेंबांचा बर्फ झाला की कडा तंतुमय होतात आणि नाव बदलतं, कॅपिलॅटस, म्हणजे केसाळ. टक्कल पडल्यावर केस फुटणारा हा एकच इसम माझ्या पाहण्यात आहे. (माझ्या डोक्याची चौकशी करू नकोस.) मग तो आणखी वर जातो, वरची वाट बंद होते आणि तो आडवा पसरतो, ऐरणीसारखा. तोवर खाली गडगडाट सुरू झालेला असतो. लहानपणी आपल्याला सांगायचे ना, वर म्हातारी जातं फिरवतेय? ती बहुधा याच्याच घरी दळत असावी.

तेव्हा सर चुकले होते, आणि मी त्यांच्याहून जास्त. त्या दिवशी उभं राहून 'नाव माझं आहे' एवढंच म्हणायचं होतं. मला बाकावर उभं राहायची भीती नव्हती रे, पैकीच्या पैकी जातील याची होती. हे तुला आज सांगतोय, चाळीस वर्षांनी.

तुझ्या यादीत पाचवं एक नाव होतं. सरांनी ते वाचलंच नाही, नुसतं लाल शाईनं खोडलं. काय होतं ते कळव.

खिडकीतून एक दिसतोय, मघापासून वाढतोय. पत्र सुरू केलं तेव्हा कोबी होता, मग टकलू झाला, आता डावीकडून केस फुटायला लागलेत. गच्चीवर कपडे वाळत आहेत. पळतो.

तुझाच,
बाकावरचा शेजारी