अक्का, पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या तीन ओळींसाठी

अक्का, परवा तुमच्यासमोर थँक्यू म्हणायला जमलंच नाही, गळा भरून आला आणि नुसती मान हलवून निघालो, म्हणून इथं लिहितोय.

इंटरव्ह्यूत विचारलं, बेळगावात कोण आहे तुमचं, आणि मी न अडखळता 'अ डिस्टंट रिलेटिव्ह' म्हणून गेलो. दोन वर्षांमागं हाच मी क्लासमध्ये 'फार गेस्ट' म्हणालो होतो. आमच्यात नातेवाइकाला पाहुणाच म्हणतात की ओ, लांबचा पाहुणा, मी आपला शब्दाला शब्द लावला. पोरं हसली, सर पण हसले, आणि बरोबर काय ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. फी मात्र पहिल्याच दिवशी सगळी घेतली. डिस्टंट म्हंजे लांबचा, रिमोट म्हंजे लांबचा, करा पाठ, झालं शिकवून!

तुम्ही हसला नाहीत. माझं चुकलेलं खोडलंही नाही. त्याच्याखाली पेन्सिलीनं कन्नडमधलं 'दूरद संबंधी' लिहिलं, मग वही माझ्याकडं सरकवून म्हणालात, तुमच्या मराठीत काय म्हणतात ते तूच लिही. मी 'लांबचा पाहुणा' लिहिलं, त्याखाली तुम्ही इंग्लिश. घरात कन्नड बोलणाऱ्या तुम्ही, आधी माझी भाषा विचारलीत अक्का, ते मी कधी विसरणार नाही. भाषेवरनं किती ताणाताणी बघितली लहानपणापासून, पण शेजारच्याची भाषा मायेनं विचारणारी माणसं पण आपल्या इथंच आहेत.

मग हळूहळू कळत गेलं की प्रत्येक शब्दाची सोयरीक ठरलेली असते. कणकुंबीकडचं आमचं रानातलं गाव, मलप्रभा उगम पावते त्या बाजूचं, ते 'रिमोट व्हिलेज'. पण खानापूर बेळगावपासून २६ किलोमीटर 'अवे', रोजच्या बोलण्यात तिथं डिस्टंट कोण लावत नाही. आशा अगदीच थोडी असली तर 'रिमोट चान्स', आठवण पुसट झाली तर 'डिस्टंट मेमरी', आणि फार लांब नसलेले दिवस म्हंजे 'इन द नॉट टू डिस्टंट फ्युचर', हे तर तुम्ही माझ्याकडनं दहादा म्हणून घेतलंत. जवळ बसूनही तुटक वागणारा माणूस पण डिस्टंटच, हे सांगितलंत तेव्हा क्लासमधले सरच डोळ्यासमोर आले.

नोकरी लागली अक्का. वहीतली पेन्सिल पुसट होत चाललीय म्हणून त्या पानावर हात लावत नाही. रविवारी आईला घेऊन येतोय, घरचा फणस आणतोय, नाही म्हणू नका. तिला कन्नड येत नाही, पण तुमच्याशी बोलायचंय म्हणते.