मुंबईवर काही पडत नाही

टूसॉन, ॲरिझोना
२ मार्च २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

इकडे सगळं ठीक. जेवण वेळेवर होतं, भाकरीचं पीठही अजून आहे.

आधी डोंबिवलीच्या काकांना निरोप द्या: मुंबईवर काही पडत नाही. चॅनलवाल्यांनी लघुग्रह कुठे पडू शकतो त्याचा नकाशावर पट्टा काढून त्यात मुंबई दाखवली ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. २०२४ वायआर४ हा साठेक मीटरचा लघुग्रह. २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के होती, आठवडाभरात जवळपास शून्यावर आली. कोणी काही लपवलं नाही, बाबा. त्याच्या वाटेचा अंदाज अरुंद होत गेला आणि पृथ्वी अजून त्या अंदाजातच होती, म्हणून आकडा फुगला. मग ती बाहेर पडली. रडारने मोजता आलं असतं तर हा घोळ एवढा लांबला नसता. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या ७० मीटरच्या रडार-थाळीने १ कोटी ७० लाख किलोमीटरवरच्या अपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाचं अंतर दीडशे मीटरपर्यंत नेमकं सांगितलं होतं. पण हा पठ्ठ्या जवळून गेला २०२४च्या २५ डिसेंबरला आणि सापडला २७ला, लांब जायला लागल्यावर! तोही चिलीतल्या दुर्बिणीला, मी काम करते त्या आमच्या दुर्बिणीला नव्हे. हे काकांना नाही सांगितलंत तरी चालेल.

आई, व्हिडिओ कॉलवर रस्ता काळोखा दिसला म्हणून घाबरू नकोस. इथे दिवे मुद्दामच मंद ठेवतात. प्रत्येक दिव्याला वरून टोपी, उजेड फक्त खाली पडायचा. मध्यरात्रीनंतर रस्त्यावरचे दिवे आणखी मंद करतात. दारावर झगझगीत दिवा लावायचा तर नियम बघावा लागतो, १९७२ पासून तसा कायदाच आहे. का, तर डोंगरावरच्या दुर्बिणींना आकाश काळं हवं. गावात कोणाला त्याचं काही वाटतही नाही. मला मात्र अजून दिवाळीला चुकल्यासारखं होतं.

आमची दुर्बीण आहे तो माउंट लेमन डोंगर कळसूबाईहून हजारेक मीटर उंच, पण खोली गरम असते आणि मी काही बाहेर उभी राहत नाही. आकाशातल्या एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळाने चार फोटो घ्यायचे, त्यात सरकणारा ठिपका शोधायचा. संगणक खूण करतो, बऱ्याचदा ती कॅमेऱ्याचीच खोड निघते, म्हणून माणूस जागा लागतो. दिवसा झोपते, पुरेशी झोपते.

आता सोनूच्या लग्नाचं. जुलै-ऑगस्टात इथेही पाऊस, दुर्बीण बंद, तेव्हा आरामात आले असते. पण नेमका चातुर्मास! गुरुजींना विचारा, १२ मेच्या पौर्णिमेच्या आसपास मुहूर्त निघतो का. चांदणं भरलं की आम्हाला सुट्टी. नाही निघाला तर माझ्यासाठी अडू नका. साखरपुडा माझ्यावाचून छानच झाला की. फोटोत आई बारीक दिसली.

कार्यालयाच्या ॲडव्हान्सला साठ हजार पाठवलेत. त्यातून काकांचे देऊ नका, त्यांचे मी वेगळे पाठवते. आणि ते न्यू जर्सीचं स्थळ: एकाच देशात असलं तरी ते इथून विमानाने पाच तासांवर आहे. सोनूचं होऊ दे, मग बोलू. पत्रिका मात्र परत करू नका लगेच.

तुमची,
मनी