आता गोल कोण मारणार?

कोल्हापूर
23 नोव्हेंबर 2025

प्रिय दिन्या,

बरेच दिवस पत्र नाही, काय शिव्या घालायच्या त्या घाल. इकडे सगळे ठीक. साखर गोळ्यांवर आहे, आईचा गुडघा तसाच. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. गोव्यात फातोर्ड्याला आपण फुटबॉलमध्ये सिंगापूरकडून हरलो तेव्हाच लिहिणार होतो, मग म्हटले ढाक्याचा सामना होऊ दे. तोही परवाच्या 18 तारखेला झाला. 0-1. बांगलादेशकडून हरलो, लेका. इथे पेठेत पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या संघांवरून लोक रात्रभर भांडतील, पण भारत 2027 च्या आशियाई करंडकाच्या बाहेर गेला म्हटले की “असं व्हय?” म्हणून चहा सांगतात. तुझ्याशिवाय हे ऐकणार कोण? आणि तू नेमका सिंगापुरात!

तुझ्या गावाचे मनापासून अभिनंदन. पात्रता फेरी खेळून ते पहिल्यांदाच आशियाई करंडकात पोचले. 1984 ला यजमान म्हणून खेळले होते आणि तेव्हाही आपल्याला 2-0 ने हरवले होते. त्या स्पर्धेत आपले चार सामने: सिंगापूर 0-2, यूएई 0-2, इराण 0-0, चीन 0-3. गोलपोस्टखाली ब्रह्मानंद शंखवाळकर होता म्हणून इराणविरुद्ध तो एक गुण तरी आला, असे तू नेहमी म्हणायचास. पण आपले गोल किती? शून्य. मला सध्या तेच खाते आहे. मागे बचावात काय चुकते हे सगळे बोलतात. पुढे गोल कोण मारणार, हे कुणी बोलत नाही.

ह्या पात्रता फेरीचा हिशेब बघ. गटात आपण, हाँगकाँग, बांगलादेश आणि सिंगापूर. वर जाणार फक्त पहिला. शिलाँगला बांगलादेशशी 0-0. हाँगकाँगला जाऊन भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर 0-1. सिंगापुरात झिंगनला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी रहीम अलीने शेवटी बरोबरी साधली, 1-1. फातोर्ड्याला 14 व्या मिनिटाला छांगतेने लांबून सुंदर गोल मारला, मग त्यांच्या साँग ऊई-यंगने 44 आणि 58 व्या मिनिटाला दोन चढवून सामना नेला. मग ढाका. पाच सामने, दोन गोल, दोन गुण. दोनपैकी एकही गोल नऊ नंबरच्या, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या, हक्काच्या खेळाडूने पेनल्टी बॉक्समध्ये तयार करून मारलेला नाही. एक कडेने खेळणाऱ्या विंगरचा लांबचा फटका, दुसरा प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर मिळालेला.

आणि ही फेरी आपल्याला खेळावीच लागायला नको होती. 2026 च्या विश्वचषकाच्या पात्रतेत दुसऱ्या फेरीतले पहिले दोन संघ थेट 2027 च्या आशियाई करंडकात जाणार होते. आपली सुरुवात झकास झाली, कुवेतमध्ये जाऊन मनवीरच्या गोलवर 1-0. मग अफगाणिस्तानशी 0-0, गुवाहाटीला त्यांच्याकडूनच 1-2. शेवटी दोह्यात कतारने 2-1 ने हरवले. चेंडू गोलरेषेबाहेर गेलेला असताना ओढून आत आणून केलेल्या त्या गोलबद्दल आपण किती चिडलो होतो! पण रागाच्या भरात एक गोष्ट आपल्या दोघांच्याही नजरेतून सुटली. अंतिम तक्त्यात कुवेत 7 गुण, आपण 5, अफगाणिस्तान 5. आता 6 जून 2024 चा कोलकात्याचा सामना घे, सुनील छेत्रीच्या निरोपाचा, कुवेतशी 0-0. तिथे एक, फक्त एक गोल झाला असता तर आपण 7, कुवेत 6. दोह्यातला तो अन्याय जसाच्या तसा झाला असता तरी आपण दुसरे येऊन 2027 च्या स्पर्धेत असतो. पंचांच्या डोळ्यांवर बोट ठेवणे सोपे आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला नव्वद मिनिटांत एक गोल झाला नाही, हे खरे दुखणे.

आशियाई करंडकाचा आपला सगळा इतिहास एका कागदावर मावतो. 1964, 1984, 2011, 2019 आणि 2024 च्या जानेवारीतला कतारचा. पाच स्पर्धा, 16 सामने, 3 विजय, 1 बरोबरी, 12 पराभव. गोल 12. त्यातले पाच एकट्या 1964 चे, कोरियाविरुद्ध दोन, हाँगकाँगविरुद्ध तीन. इस्रायलशी 0-2 हरलो आणि उपविजेते झालो. (चारच संघ होते, आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतल्यामुळे पात्रता आयती मिळाली, हे तू सांगण्याआधीच लिहून टाकतो.) 2011 ला तीन, 2019 ला चार. उरलेल्या दोन स्पर्धांत सात सामने आणि शून्य. छेत्रीचे वजन बघ: 2011 चे दोन आणि 2019 चे दोन. 1964 नंतरच्या सात गोलांपैकी चार एका माणसाचे.

2019 ला थायलंडला 4-1 ने हरवले, 80 व्या मिनिटाला जेजेने चौथा मारला. आशियाई करंडकातला आपला शेवटचा गोल तोच. त्यानंतर यूएई 0-2, बहारीन 0-1, पुढच्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया 0-2, उझबेकिस्तान 0-3, सीरिया 0-1. साडेचारशे मिनिटे कोरडी. आता पुढची संधी 2031. म्हणजे जेजेचा तो गोल बारा वर्षांचा झालेला असेल. बहारीनचा सामना तर आठवूच नये असा. बरोबरी झाली असती तर चार गुणांवर बाद फेरीत होतो, आणि नव्वद मिनिटे उलटल्यावर पेनल्टी. अख्खा सामना बरोबरीसाठी खेळायचा म्हणजे बॉक्समधल्या एका धक्क्यावर सगळी स्पर्धा टांगायची. पुढे गोल मारणारा नसला की प्रशिक्षकाला असेच खेळावे लागते.

तू आता म्हणशील, तुझे सुवर्णयुग काढ. काढतोच! आपले जुने भांडण अजून मिटलेले नाही. 1956 च्या मेलबर्नला चौथे आलो, त्याला तू “एक विजय आणि एक वॉकओव्हर” म्हणतोस. हंगेरी आली नाही हे खरे, जिंकलो एकच सामना हेही खरे. पण तो यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध 4-2, आणि त्यात नेव्हिल डिसूझाची हॅट्‌ट्रिक, ऑलिंपिकमधली आशियाई खेळाडूची पहिली. मुंबईत टाटांकडून खेळणारा गोंयकार पोरगा. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलसुद्धा त्याचाच होता. चार गोल मारून तो स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला बसला. युगोस्लाव्हियाकडून 1-4 आणि कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून 0-3, हे मान्य. पण त्या संघाला गोल कोण मारणार असा प्रश्न पडत नव्हता.

तुझा सत्तर मिनिटांचा सिद्धांतही मी अर्धाच मानतो. आपल्याकडचे सामने तेव्हा 70 मिनिटांचे असायचे आणि बाहेर 90 मिनिटे खेळताना दम तुटायचा, हे 1948 ला दिसते. लंडनला फ्रान्सविरुद्ध रामनने 70 व्या मिनिटाला बरोबरी केली आणि अगदी शेवटी गोल खाऊन 1-2. 1960 ला रोममध्ये त्याच फ्रान्सविरुद्ध पीके बॅनर्जीने आघाडी दिली आणि सामना संपत आला असताना बरोबरी झाली. इथवर तुझे खरे. पण 1948 ला दोन पेनल्टी वाया गेल्या त्या दमामुळे नव्हे. आणि मेलबर्नला युगोस्लाव्हियाने तीन गोल चढवले ते नेव्हिलच्या गोलनंतर पंधरा मिनिटांच्या आत, सामन्याच्या मध्यावर. ते दमाचे नव्हते, आघाडी मिळाल्यावर बचावाची फळी कशी बांधायची ह्याचे होते.

1950 चे तर आता संपवच. ब्राझीलला गेलो नाही ते अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून, असे तू पोरांना अजून सांगतोस. दोन वर्षांनी हेलसिंकीला आपले बरेच खेळाडू अनवाणीच उतरले, त्या थंडीत, आणि युगोस्लाव्हियाकडून 1-10 खाल्ले. बूट सक्तीचे झाले ते त्यानंतर. 1950 ला ब्रह्मदेश, फिलिपिन्स वगैरे मागे हटले म्हणून जागा मिळाली होती, गट पडला इटली, स्वीडन, पॅराग्वे. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझील तयार होते. पण आपल्या फेडरेशनला ऑलिंपिक हेच सर्वस्व वाटत होते, विश्वचषकाची किंमत कळली नव्हती, बोटीचा लांबचा प्रवास आणि निवड-सरावाला वेळ नाही, म्हणून नकार गेला. बुटांची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यामुळे खरा दोष झाकला जातो: स्पर्धा कुठली महत्त्वाची आणि तिची तयारी किती आधी करायची, हे आपल्याला वेळेवर कधी कळले नाही. आजही तेच चालले आहे.

ज्या माणसाला कळत होते तो म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचा शिक्षक. पोरांना नुसत्या दुबळ्या पायाने खेळवायचे सामने भरवायचा, कारण बॉक्समध्ये चेंडू उजव्यावर घ्यायला एक पाऊल जास्त लागले की बॅक पोचतोच. 1951 ला दिल्लीत मेवालालच्या एका गोलवर इराणला हरवून आशियाई सुवर्ण मिळवले. आणि 1962 चे जकार्ता! पहिला सामना कोरियाकडून 0-2. मग थायलंड 4-1, जपान 2-0. दरम्यान स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, जर्नैलसिंगचे डोके फुटले, सहा टाके पडले. आता तो हेडिंगने चेंडू परतवू शकत नाही, म्हणजे बॅकला निरुपयोगी. दुसऱ्या कुणीही त्याला बाकावर बसवले असते. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केले! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध 3-2, त्यात एक जर्नैलचा. अंतिम सामन्यात अख्खे मैदान विरोधात ओरडत असताना कोरियाविरुद्ध 2-1: एक पीकेचा, एक जर्नैलचा. तापातून उठलेला थंगराज गोलमध्ये, हाफला आपला गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते, पुढच्या जूनमध्ये गेले. गोल मारणारा नसेल तर तो घडवायचा, आहे त्या माणसांतून, ही हिंमत मला त्या सुवर्णपदकापेक्षा मोठी वाटते.

आता का घडत नाही? सरळ कारण आहे. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी उतरवता येतात. क्लब ते चार कुठे वापरतो? एक नऊ नंबरला, एक-दोन मधल्या फळीत, एक सेंटर बॅकला. आपल्या पोराला मिळते विंग किंवा साइड बॅक. म्हणून विंगर निघतात, छांगते निघतो, पण पाठीवर बॅक घेऊन चेंडू धरणारा, जवळच्या पोस्टकडे आधी धाव घेऊन क्रॉसला पाय लावणारा निघत नाही. ते काम सामन्यातच शिकावे लागते, दर आठवड्याला, सरावात नाही. गेल्या मोसमात भारतीयांत सर्वाधिक 14 गोल कुणाचे? चाळिशीच्या छेत्रीचे. त्याला पुन्हा बोलवावे लागले ह्यावरून सगळ्यांनी त्याला नावे ठेवली, पण देशासाठी 95 गोल मारलेला माणूस चाळिशीत बोलावला तरी आला, ह्याबद्दल मला त्याचे पाय धरावेसे वाटतात. तू भाईचुंग भुतियाचा भक्त, तुला हे जड जाईल.

आणि त्यात यंदा लीगच सुरू नाही. व्यावसायिक हक्कांचा करार संपत आला, नव्या निविदेला ह्याच महिन्यात एकही बोली आली नाही. सुपर कप गोव्यात चालू आहे तेवढाच. सामने नसलेल्या खेळाडूंना घेऊन आपला प्रशिक्षक खालिद जमील काय करणार? तरी सप्टेंबरमध्ये मध्य आशियाच्या स्पर्धेत त्याने ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आणला होता. माझा त्याच्यावर अजून विश्वास आहे.

साँगकडे बघून इथे सगळे म्हणतात, आपणही परदेशातले आणू. पण साँग अठराव्या वर्षी सिंगापूरला आला, त्यांच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे खेळला, 2021 मध्ये नागरिक झाला. आपल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट घेतला ह्याचा आनंद आहे, पण तो तिशी ओलांडलेला आहे. 2031 पर्यंत त्याच्यावर भागणार नाही. आज चौदा-पंधरा वर्षांचा जो पोरगा शाहू स्टेडियमवर फॉरवर्ड खेळतो, त्याला अठराव्या वर्षी कुठल्या संघात नऊ नंबर मिळेल, हे कुणीतरी आत्ताच ठरवायला हवे. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव फॉरवर्डलाच होता ना? त्या संघातला एकही जण आज देशाचा हक्काचा नऊ नंबर नाही.

बरे, तुझे काय? नवीन घर लागले का? वहिनींच्या नोकरीचे काय झाले? पोरीची परीक्षा झाली असेल. ती अजून शाळेच्या संघात खेळते का? तिला एक सांग: जुलैमध्ये आपल्या मुलींनी चिआंग माईला थायलंडला 2-1 ने हरवून आशियाई करंडक गाठलाय. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. 2022 ला नवी मुंबईत घरच्या स्पर्धेत कोविडमुळे संघच उतरवता आला नव्हता, ह्या मुली खेळून पोचल्या आहेत. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात सामने आहेत, गटात जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई. पर्थची वेळ आणि तुमची वेळ एकच, तेव्हा झोपमोड होणार नाही. दोघे मिळून बघा आणि फॉरवर्ड बॉक्समध्ये कुठून धाव घेतात तेवढे मला लिही.

आईने विचारले आहे, चटणी पाठवू का?

तुझाच,
बंड्या