निकाल लागल्यावरची बातमी

बर्मिंगहॅम, रविवार

चि. बाळूस ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, आपल्या जुन्या सालदाराच्या पोराला सेशन कोर्टानंच जन्मठेप दिली, आता आम्ही पेपरवाले काय लिहिणार?" तेवढ्यात तिकडची लाइट गेली आणि बोलणं राहिलं. म्हणून हे पत्र.

तो पोरगा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही. पण तूच सांगितलंस की दोन्ही पंच ठाण्यासमोरच्या टपरीवरचे, फुकटात मिळालेला वकील निम्म्या तारखांना आलाच नाही, आणि त्याची माय शपथेवर सांगते की पोरगं तेव्हा सतराचं होतं. हे ऐकून गप्प बसवत नाही.

मी राहते त्या शहराचीच गोष्ट ऐक. २१ नोव्हेंबर १९७४ ला इथल्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. लोक खवळले होते आणि पोलिसांना कोणीतरी हवंच होतं. उत्तर आयर्लंडकडे निघालेली आयरिश माणसं पकडली, सहा जण गोवले गेले. मारून मारून कबुलीजबाब घेतले. हातावर नायट्रोग्लिसरीन, म्हणजे स्फोटकातलं रसायन, सापडलं असं सरकारी तज्ज्ञानं सांगितलं आणि १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. पुढं ख्रिस मलिन नावाच्या पत्रकारानं हे प्रकरण उचललं. १९८५ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या कार्यक्रमात तीच रासायनिक चाचणी पुन्हा करून दाखवली. पत्त्यांना जो चकचकीत मुलामा असतो ना, तो हाताला लागला तरी चाचणी तशीच 'होकारार्थी' येते! आणि ती माणसं आगगाडीत पत्तेच कुटत होती. मलिन एवढ्यावर थांबला नाही, खरे बॉम्ब ठेवणारे कोण याचाही माग काढत गेला. तरी १९८८ मध्ये अपील फेटाळलं गेलं. सुटका झाली ती १४ मार्च १९९१ ला, सोळा वर्षांनी.

मधल्या काळात या सहा जणांनी पोलिसांवर मारहाणीचा दावा लावला होता. १९८० मध्ये लॉर्ड डेनिंग या नामवंत न्यायाधीशांनी तो पुढं जाऊ दिला नाही. कारण काय, तर हे लोक जिंकले तर पोलीस खोटं बोलले, मारझोड केली, असं मानावं लागेल आणि ते फार भयंकर होईल. कोर्ट स्वतःहून मागं वळून बघेल, ही आशा किती लटकी असते ते मला यावरून कळलं. कोणीतरी बाहेरून कागद उलगडावे लागतात.

हे परदेशातलंच नाही. आपल्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी मोठे पोलीस अधिकारी होते, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना सडणाऱ्या कैद्यांवर 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लेख लिहिले. ते वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी या वकीलबाई सुप्रीम कोर्टात गेल्या. त्या हुसैनआरा खातून खटल्यामुळं हजारो कच्चे कैदी सुटले. एका पोलीसवाल्यानं, तेही वर्तमानपत्रात लिहून, एवढं केलं.

आणि जालना जिल्ह्यातलं २००३ चं दरोडा-खुनाचं प्रकरण तर घरचंच. भटक्या जमातीतले सहा जण, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच कोर्टानं मार्च २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच चार माणसं ओळखली होती, आणि तो पुरावा खटल्यात दडवला गेला होता. प्रत्येकाला पाच लाख भरपाई. जवानी गेली ती गेलीच.

बाळू, आता तुझ्या धंद्यातलं एक मनाला लागलेलं सांगते. पोलिसांपुढं दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा धरत नाहीत. इंग्रजांच्या काळापासून ते कलम आहे, नव्या कायद्यातही कायम आहे. आणि आपले पेपर प्रेसनोट आली की मथळाच देतात, 'नराधमाची गुन्ह्याची कबुली'. जे कोर्ट ऐकून घेत नाही ते आख्ख्या तालुक्याच्या घराघरात जातं. पुढं तोच माणूस सुटला तर आतल्या पानावर चार ओळी, त्याही जागा उरली तर. ज्याच्या घरावर दगड पडले त्याला त्या चार ओळी पुरतात का? तुझ्या हातात जेवढं आहे तेवढं तरी बदल, एवढंच माझं मागणं.

एक सावधगिरी मात्र ठेव. शिकागोत पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये अँथनी पोर्टर या फाशीच्या कैद्याला सोडवलं, जगभर कौतुक झालं. पण त्या खटपटीत त्यांच्याबरोबरच्या खासगी गुप्तहेरानं दुसऱ्याच माणसाकडून कबुली घेतली, आणि तो आत गेला. २०१४ मध्ये त्याची शिक्षा रद्द करावी लागली. तेव्हा गावात कुणावर संशय आहे ते तू छापू नकोस. पोरगं निर्दोष आहे असंही छापू नकोस. कागदात जे आहे आणि जे नाही, तेच लिही.

आधी त्याच्या बापाला घेऊन कोर्टातून निकालाची आणि जबाबांची नक्कल काढ. ते पंच आणखी किती केसांमध्ये पंच आहेत ते बघ. मग शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टर बघ. नागपूरच्या तुरुंगातून मार्च २०२३ मध्ये निरानाराम चौधरी सुटला तो शाळेच्या नोंदीवरच. गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांचा होता, आणि अठ्ठावीस वर्षं आत, त्यातली बरीच फाशीच्या छायेत. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो, निकाल लागल्यावरसुद्धा. हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवसांची, उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो. नागपूर खंडपीठात विधी सेवा उपसमिती आहे, तिथून वकील मिळेल. आणि कोर्टाच्या अवमानाची भीती घालणाऱ्यांना सांग, अंतिम निकाल लागून संपलेल्या खटल्यावर रास्त टीका करणं अवमान होत नाही, १९७१ च्या कायद्यातच तसं लिहिलंय.

संपादक जाहिरातीचं टारगेट पुढं करतील, ठाण्यातले लोक चहा पाजणं बंद करतील. बाबांना हे आवडणार नाही, मी त्यांच्याशी बोलते. तू नकलेच्या पानांचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, तारखा मी लावून देते. आईचं गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, कपाशी वेचायला मजूर मिळाले का तेही लिही.

तुझी,
ताई