काळी पुळण आणि बाबांचं लोहचुंबक

रत्नागिरी,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण बाबा दोनदा 'हं, हं' करून फोन आईच्या हातात देतात. म्हणून पत्र.

आज आम्ही तिघं दिवसभर मांडवीला होतो. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं, पण बदली होऊन आल्यापासून धड बसणं असं झालंच नव्हतं. बाबा, तिथली वाळू काळी आहे. नुसती सावळी नाही, दुकानातल्या कानसीखाली पडायचा तसल्या लोखंडाच्या किसासारखी काळी. एकाच गावात मिऱ्याच्या बाजूला 'पांढरा समुद्र' म्हणतात तो किनारा, आणि इकडे ही काळी पुळण. लाट मागे गेली की ओली वाळू आरशासारखी चमकते आणि तिच्यावर पांढरा फेस रांगोळीसारखा सांडतो. चिनू ते पुसायला धावत होता.

ज्वालामुखीची वाळू म्हणतात ती हीच, पण जरा लांबच्या वाटेने आलेली. हवाई बेटांवर तापलेला लाव्हा थेट समुद्रात पडतो आणि तडकून त्याची वाळू होते. आपल्याकडचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच थिजला, त्याचाच सह्याद्री झाला. आपल्या कऱ्हाडजवळ आगाशिवची लेणी कोरलीत तोच काळा पत्थर. तो उन्हापावसाने झिजतो आणि काजळीसारख्या नद्या त्याचा चुरा इकडे समुद्रात आणतात. (कऱ्हाडचा चुरा मात्र नाही हं, तो कृष्णामाई पूर्वेला घेऊन जाते.) पुढचं काम लाटांचं. आई, तू तांदूळ रोळतेस तेव्हा खडे तळाशी राहतात ना, तसं. शिंपल्यांचा हलका चुरा पाण्याबरोबर निघून जातो आणि लोखंड असलेल्या खनिजांचे जड कण मागे राहतात. त्यातल्या इल्मेनाईट नावाच्या खनिजातून टायटॅनियम मिळतं आणि त्यापासून भिंतीचा पांढरा रंग करतात. काळ्या वाळूतून पांढरा रंग! हे ऐकल्यापासून आमचे हे घराच्या भिंतींकडे संशयाने बघतायत.

आता चुंबकाचं. तुमच्या मोडक्या स्पीकरमधलं ते गोल लोहचुंबक मी लग्नानंतर घेऊन आले होते, आठवतं? आज पिशवीत टाकून नेलं आणि उत्साहाच्या भरात तसंच वाळूत खुपसलं. बाहेर काढलं तर साळिंदर! मॅग्नेटाईटचे, म्हणजे वाळूतल्या दुसऱ्या लोहखनिजाचे, कण असे चिकटलेत की झटकून निघत नाहीत, फुंकरून निघत नाहीत. इल्मेनाईट मात्र फारसं बधत नाही, त्याला याहून जबर चुंबक लागतं. आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, म्हणजे पिशवी सोडवली की कण आपोआप गळतात, हे तुम्ही पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं. मला ते घरी आल्यावर सुचलं.

एक चूक आणखी. पोचलो अकराला. बारापर्यंत ती वाळू तव्यासारखी तापली, काळी ना. चिनूला कडेवर घेऊन पळत सावली गाठली. मग दुपारभर सावलीतच शहाळी, डब्यातली आंबोळी नि चटणी, आणि एक झोप. चारनंतर पुन्हा उतरलो. आज पौर्णिमा. शेजारच्या मावशींनी हिशेब शिकवलाय: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराचे सव्वाअकरा, तिथून सहा तासांनी ओहोटी. बाबा, कागदावर मांडून बघा, पंचमीला पावणेचार येतात. थोडं पुढेमागे होतं म्हणे, पण आज संध्याकाळी पाणी खरंच लांब गेलं होतं.

हे सगळं तुमच्या गुडघ्यांसाठी सांगतेय. कोरड्या वाळूत पाय रुततात, तिथे तुम्हाला त्रास होईल. पण ओहोटीला पाण्याच्या कडेची पुळण घट्ट असते, आज माझ्याच्याने तासभर चालवलं. दमलात तर जेट्टीवर बसायचं, भेळ खायची. कपड्यांची काळजी नको, आई. वाळू काळी असली तरी रंग लागत नाही, वाळली की झटकून जाते. चिनूच्या कानातली सोडून.

दुकान होतं तोवर रविवारीही शटर वर असायचं, म्हणून आपण कधी समुद्रावर गेलोच नाही. मी त्याचा राग धरला होता थोडा, लहानपणी. आता दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी या, आंबा घाटातून उजेडीच या, वळणांवर आईला मळमळतं तर पुढच्या सीटवर बसवा. सोमवार आला तर तिच्यासाठी मोदक करीन, मासे आपण मंगळवारी खाऊ.

चुंबक तसंच कागदात गुंडाळून ठेवलंय. ते साफ कसं करायचं हे तुम्हीच येऊन दाखवा.

तुमची,
सुमी